वेस्ट पॉइंट, मोनरोव्हिया: सैन्याचा वेढा आणि त्यानंतरचा घरोघरचा रोगशोध

हे प्रकरण लायबेरियाची राजधानी मोनरोव्हिया इथल्या वेस्ट पॉइंट या वस्तीचं आहे. काळ मुख्यतः ऑगस्ट २०१४ ते मे २०१५. यादवी युद्ध संपून अकरा वर्षं झालेल्या या शहरात इबोला हा जीवघेणा संसर्गजन्य रोग शिरला. रुग्ण कुठे आहेत आणि कुणाच्या संपर्कात कोण आलं, हे शोधण्याचे दोन अगदी वेगळे मार्ग एकाच वस्तीत काही आठवड्यांच्या अंतराने वापरले गेले. म्हणून साथरोगाच्या कामात असलेल्या प्रत्येकाने हे प्रकरण बारकाईने पाहावं असं मला वाटतं. वस्तीतल्या कुणाही रहिवाशाचं नाव इथे दिलेलं नाही. ज्यांची नावं सार्वजनिक नोंदीत आहेत, तेवढीच घेतली आहेत.

पार्श्वभूमी

लायबेरियातलं युद्ध डिसेंबर १९८९ मध्ये सुरू झालं. १९९७ मध्ये थांबलं, १९९९ मध्ये पुन्हा भडकलं आणि ऑगस्ट २००३ मध्ये अक्रा इथे झालेल्या शांतता कराराने संपलं. त्यात सुमारे अडीच लाख माणसं मारली गेल्याचं मानलं जातं. गावं ओस पडली आणि जीव वाचवून आलेले लोक राजधानीत जागा मिळेल तिथे राहिले. युद्ध संपल्यावरही त्यातले बरेच जण परत गेले नाहीत. जायला घर उरलं नव्हतं आणि गावात काम नव्हतं.

वेस्ट पॉइंट ही वस्ती जुनीच, मासेमारी करणाऱ्यांची. एका बाजूला अटलांटिक समुद्र, दुसऱ्या बाजूला मेसुराडो नदीचं मुख आणि मध्ये वाळूची चिंचोळी जीभ. आत जायला एक मुख्य रस्ता, शेजारी वॉटरसाइडचा मोठा बाजार. पत्र्याची घरं इतकी खेटून की काही बोळांतून अंग चोरूनच जावं लागतं. पाणी ढकलगाडीवरून विकत यायचं, सार्वजनिक संडास मोजके आणि तेही पैसे देऊन, त्यामुळे बरेच लोक समुद्रकिनाऱ्यावर जायचे. लोकसंख्येचा अंदाज साठ-सत्तर हजारांच्या आसपास सांगितला जाई. नेमका आकडा कुणाकडेच नव्हता, आणि रोग शोधायचा तर अडचण इथूनच सुरू होते. घरांना क्रमांक नव्हते, गल्ल्यांना सरकारी नावं नव्हती आणि भाडेकरू महिन्या-दोन महिन्यांनी बदलत.

आरोग्यव्यवस्था युद्धाने पार मोडून टाकली होती. साथ येण्यापूर्वी देशात लाख माणसांमागे एखाद-दुसराच डॉक्टर होता. रोगांच्या नोंदीची पद्धत कागदावर होती. आरोग्य केंद्राने दर आठवड्याला तक्ता भरून वर पाठवायचा, तिथून तो काऊंटीकडे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाकडे, मग मंत्रालयाकडे. या तक्त्यात येतो तो केंद्रापर्यंत पोहोचलेला रुग्ण. जो घरातच तापाने पडून राहिला, औषधाच्या टपरीवरून गोळ्या घेऊन आला किंवा घरीच मेला, तो त्यात येत नाही. वेस्ट पॉइंटसारख्या ठिकाणी अशांचीच संख्या मोठी.

आणखी एक गोष्ट तक्त्यात मावत नाही. या वस्तीतल्या प्रौढ माणसाने आयुष्यातली चौदा वर्षं गणवेशातल्या, बंदूकधारी माणसांपासून लपण्यात घालवली होती. दारावर थाप पडून कुणी घरातल्या माणसांची नावं विचारू लागला, तर खरं नाव सांगायचं नाही, हा धडा लोकांनी जीव वाचवण्यासाठी शिकला होता. शांतता करारानंतर संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली. तिच्यात २००७ पासून भारताच्या केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या महिलांची तुकडीही होती आणि मोनरोव्हियाच्या रस्त्यांवर गस्त घालणाऱ्या या स्त्रियांना तिथे मान मिळाला. पण स्वतःच्या सरकारबद्दलचा संशय कायम राहिला. मदतीचा पैसा वर येतो आणि वरच जिरतो, अशी लोकांची ठाम समजूत होती, आणि तिला अनुभवाचा आधार होता.

अडचण काय होती

शेजारच्या गिनी देशातली साथ मार्च २०१४ मध्ये जाहीर झाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस लायबेरियाच्या लोफा काऊंटीत पहिले रुग्ण निश्चित झाले. एप्रिलनंतर साथ ओसरल्यासारखी वाटली. जूनमध्ये ती राजधानीत आली. ६ ऑगस्टला देशात आणीबाणी लागली आणि ८ ऑगस्टला जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली.

इबोलाचा माग काढण्याचं तत्त्व सोपं आहे. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला दोन ते एकवीस दिवस लागतात आणि लक्षणं दिसेपर्यंत माणूस दुसऱ्याला रोग देत नाही. म्हणजे आजाऱ्याच्या अंगाला, उलटीला, कपड्यांना, प्रेताला ज्यांचा स्पर्श झाला, त्यांची यादी करायची, प्रत्येकाला एकवीस दिवस रोज भेटायचं, ताप आला की लगेच वेगळं करायचं. यादी पूर्ण असेल तर साखळी तुटते.

आता हे वेस्ट पॉइंटमध्ये कसं घडेल ते पाहू. समजा, मासे सुकवून विकणारी एक बाई आजारी पडली. तिच्या खोलीत सात माणसं. शेजारणीने तिला आंघोळ घातली. टपरीवाल्याने सुई टोचली. बहीण पलीकडच्या वस्तीतून येऊन दोन रात्री राहून गेली. बाजारात तिच्या शेजारी बसणाऱ्या दोघींनी तिला हाताला धरून घरी आणलं. ही यादी पंधरा-वीस जणांची होते आणि त्यातली निम्मी नावं टोपणनावं असतात. संपर्कशोधक दुसऱ्या दिवशी विचारत आला की बहीण गावाला गेलेली असते आणि सुई टोचल्याचं टपरीवाला साफ नाकारतो. असे दहा रुग्ण झाले की रोज दोनशे माणसांना भेटावं लागतं. ऑगस्टमध्ये रुग्ण दहा नव्हते, आणि काम करणारी माणसं मोजकी होती. शिवाय दवाखान्याची, प्रयोगशाळेची आणि संपर्कशोधकांची अशा नोंदी वेगवेगळ्या ठेवल्या जात. एकाच माणसाचं नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलेलं असलं, तर तो एकच माणूस आहे हे ओळखायला साधन नव्हतं.

तरीही माणसं कमी असणं ही मला मुख्य अडचण वाटत नाही. आजारी माणसाची बातमी सांगण्याने घरच्यांचा काहीच फायदा नव्हता, हे मला त्याहून मोठं कारण वाटतं.

पहिलं म्हणजे खाटाच नव्हत्या. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेने १७ ऑगस्टला मोनरोव्हियात १२० खाटांचं केंद्र उघडलं, ते पाहता पाहता भरलं. महिनाअखेरीस तिथलं फाटक सकाळी जेमतेम अर्धा तास उघडत असे. रात्रीतून जितके रुग्ण दगावले, तितकेच नवे आत घेतले जात, बाकीच्यांना परत पाठवावं लागे. ४४५५ या मदतक्रमांकावर फोन केला तरी रुग्णवाहिका दिवसचे दिवस येत नसे. दुसरं म्हणजे, सुरुवातीच्या प्रचारात 'इबोलावर इलाज नाही' हे वाक्य ठळकपणे सांगितलं गेलं. इलाजच नाही तर माणसाला परक्या तंबूत एकटं मरायला का पाठवायचं, असा लोकांचा सरळ हिशेब होता.

तिसरं कारण आपल्या वाचकांनी थोडं थांबून समजून घ्यायला हवं. ऑगस्टच्या सुरुवातीला सरकारने राजधानीतल्या इबोलाच्या प्रेतांचं दहन करण्याचा हुकूम काढला. प्रेतात विषाणूचं प्रमाण सर्वाधिक असतं, दफनभूमीजवळचे लोक पुरायला विरोध करत होते, पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी साचत होतं, म्हणून हा निर्णय झाला. त्यासाठी वापरली गेली ती तिथल्या भारतीय समाजाने आपल्या अंत्यविधींसाठी बांधलेली दाहभूमी. आपल्याकडे अग्नी देणं हाच संस्कार. तिथे मार्च महिन्यात एक ठरलेला राष्ट्रीय दिवस असतो, त्या दिवशी घरचे लोक कबरीवरचं गवत काढतात, चुना लावतात, फुलं ठेवतात. ज्याची कबर नाही त्याच्याकडे जायचं कुठे? प्रेत जाळलं जाणार हे कळल्यावर कुटुंबं मृत्यूच लपवू लागली. रात्री गुपचूप दफन होऊ लागलं, आणि अशा प्रत्येक दफनात माणसं प्रेताला स्पर्श करत होती. रोगशोधाच्या नजरेने पाहिलं तर दोन बाजूंनी नुकसान झालं. मृत्यू नोंदीतून गळला आणि त्याच मृत्यूपासून नवी साखळी सुरू झाली.

१६ ऑगस्टची घटना

वस्तीत संशयित रुग्ण तात्पुरते ठेवण्यासाठी सरकारने तिथली एक शाळा घेतली. वस्तीला नीट विचारलं गेलं नव्हतं. बाहेरच्या भागांतले रुग्णही तिथे आणले जात आहेत हे कळल्यावर लोक खवळले. १६ ऑगस्टला जमाव आत घुसला. इबोला वगैरे काही नाही, हे सरकारचं पैसे उकळण्याचं सोंग आहे, अशा घोषणा झाल्या. आतले १७ रुग्ण बाहेर पडले. गाद्या, चादरी, सामान लोकांनी पळवलं, त्यातलं काही रक्ताने माखलेलं होतं. हे रुग्ण पुढे सापडल्याचं सरकारने जाहीर केलं, पण मधल्या काळात ते कुणाकुणाच्या घरी गेले आणि त्या गाद्यांवर कोण झोपलं, याची यादी करणं कुणाच्या हाती उरलं नव्हतं.

समोर असलेले पर्याय

१६ ते १९ ऑगस्ट या तीन-चार दिवसांत सरकारपुढे ढोबळमानाने तीन वाटा होत्या.

एक, संपूर्ण वस्ती बंद करायची. एकच मुख्य रस्ता आणि तीन बाजूंनी पाणी असल्यामुळे नकाशावर हे सोपं दिसत होतं. निर्णय झटपट अमलात येतो आणि सरकार काहीतरी करतं आहे हे शहराला दिसतं. दुसरी वाट, आधी खाटा, रुग्णवाहिका आणि प्रेतं नेणारी पथकं वाढवायची आणि तोवर वस्तीतल्या म्होरक्यांशी बोलत राहायचं. हे योग्य होतं, पण याला आठवडे लागणार होते आणि रोग थांबणारा नव्हता. तिसरी, वस्तीतल्याच माणसांकडे शोधाचं काम सोपवायचं. याला पैसा कमी लागतो, मात्र ज्या लोकांनी काल केंद्र लुटलं, त्यांच्यावरच आज विश्वास टाकायचा, हे मंत्रिमंडळाच्या बैठकीत बोलून दाखवणं सोपं नसतं.

पहिली वाट निवडली गेली. आरोग्याच्या बाजूच्या सल्लागारांचा तिला विरोध होता, हे नंतर बाहेर आलं. त्या वेळची घबराट लक्षात घेतली तर हा निर्णय का झाला हे मला कळतं, तो बरोबर होता असं मात्र मी म्हणणार नाही. वस्ती बंद करून संपर्कशोधाचा कुठलाच प्रश्न सुटत नव्हता. आजारी कोण हे माहीत नसताना आजारी आणि धडधाकट अशा हजारो माणसांना एकत्र कोंडलं, तर आतली लागण वाढते आणि बाहेर गेलेली साखळी तशीच राहते.

वेढा

राष्ट्राध्यक्ष एलेन जॉन्सन सर्लीफ यांनी १९ ऑगस्टच्या रात्री वस्तीची टाळेबंदी आणि शहरात रात्री नऊ ते सकाळी सहा संचारबंदी जाहीर केली. २० ऑगस्टच्या सकाळी लोक उठले तेव्हा रस्त्यावर काटेरी तार होती, पलीकडे सैनिक आणि दंगलविरोधी पोलीस, आणि समुद्रात तटरक्षक दलाची बोट. बऱ्याच जणांना टाळेबंदीची बातमी या तारेनेच दिली. वस्तीची सरकारी प्रमुख आपल्या कुटुंबाला बंदोबस्तात बाहेर काढते आहे हे पाहून जमाव उसळला. दगडफेक झाली, सैनिकांनी गोळ्या झाडल्या. पायांना गोळी लागलेला एक किशोरवयीन मुलगा मेला. त्याला इबोला झालेला नव्हता.

पुढचे दिवस हाल झाले. वस्तीचं पोट रोजच्या रोज बाहेर जाऊन कमावण्यावर चालायचं. तांदळाचे, पाण्याचे, कोळशाचे भाव चढले. जागतिक अन्न कार्यक्रमाने धान्य वाटलं, ते घ्यायला लांबच लांब रांगा लागल्या आणि त्या रांगांत माणसं एकमेकांना चिकटून उभी राहिली. पैसे चारून रात्री बाहेर पडण्याची सोय लगेच निर्माण झाली. बाहेर पडणारा आपण वेस्ट पॉइंटचे आहोत हे कुणालाच सांगत नसे. माग काढणाऱ्याच्या दृष्टीने याहून वाईट काय असेल! आधी माणूस निदान आपल्या पत्त्यावर तरी सापडत होता.

१८९७ च्या प्लेगात पुण्यात गोऱ्या सोजिरांकडून घरझडत्या घेतल्या गेल्या तेव्हा लोकांनी रोगी लपवले, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

२९ ऑगस्टला टाळेबंदी उठवण्याची घोषणा झाली आणि ३० तारखेला तार निघाली. लोक रस्त्यावर नाचले. इबोलाचा एकवीस दिवसांचा काळही तोवर पुरा झालेला नव्हता. वेढा उठण्यामागे रोगाचा हिशेब नव्हता, तो चालवता येत नाही हे उघड झालं होतं. यामुळे समाजात तणाव वाढला, हे राष्ट्राध्यक्षांनीही पुढे मान्य केलं.

दिशा बदलली ती कशी

तिसऱ्या वाटेवर काम करणारी माणसं वेढ्याच्या काळातही वस्तीत होती. मोसोका फल्ला हे लायबेरियन साथरोगतज्ज्ञ त्यांच्यापैकी एक. हार्वर्डमध्ये शिकलेले, पण लहानपण मोनरोव्हियाच्या गरीब वस्त्यांत गेलेलं. वेस्ट पॉइंटमध्ये गेल्यावर त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी आजाऱ्यांची यादी मागितली नाही, वस्तीतले वजनदार लोक गोळा केले. त्यात पाळक होते, इमाम होते, बायकांच्या मंडळांच्या प्रमुख होत्या, तरुणांचे म्होरके होते आणि केंद्रावर चालून जाणाऱ्यांना ओळखणारेही होते. तुमच्या गल्लीत काय चाललं आहे हे तुम्हीच आम्हाला सांगा, असं त्यांना म्हटलं गेलं.

इथे एक निर्णय फार महत्त्वाचा ठरला. माहिती गोळा करणाऱ्याची पात्रता काय असावी? बाहेरून शिकलेले, अर्ज नीट भरणारे तरुण नेमले असते तर कागद व्यवस्थित झाले असते. त्याऐवजी त्याच गल्लीत राहणारा माणूस निवडायचा असं ठरलं, भले त्याचं अक्षर वाईट असो. याची किंमत होती. नोंदींत चुका होत, वरच्या कचेरीत त्या पुन्हा तपासाव्या लागत. पण रात्री कुणाच्या घरातून खोकल्याचा, उलटीचा आवाज आला, कुणाच्या दारात अचानक नवा पाहुणा दिसला, कुणाची आजी चार दिवस ओट्यावर बसलेली दिसली नाही, हे फक्त शेजाऱ्यालाच कळतं.

शोधाची रोजची पद्धत

वस्तीचे लहान लहान भाग पाडले गेले. प्रत्येक भागाला ठरलेली माणसं, आणि त्यांनी रोज आपल्या वाट्याची घरं फिरायची. आपल्याकडच्या आशाताईंचं काम ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे लगेच उमजेल. दारात उभं राहून विचारायचे प्रश्न मोजकेच होते. कुणी आजारी आहे का? कुणी मेलं का? बाहेरून कुणी राहायला आलं आहे का, किंवा घरातलं कुणी निघून गेलं का? तिसरा प्रश्न नेहमीच्या रोगनोंदीत सहसा नसतो. शहरी वस्तीत मात्र साखळी बहुतेक वेळा तिथेच सुटते, कारण आजारी माणूस एका वस्तीतून दुसरीत नातेवाइकांकडे जातो.

विचारण्याची रीतही बदलली. शोधक घरात शिरत नसे, उंबऱ्याबाहेर हातभर अंतर ठेवून उभा राही. लायबेरियात भेटल्यावर हात मिळवून शेवटी दोघांच्या बोटांची टिचकी वाजवतात, ती या काळात बंद झाली होती. दारोदारी क्लोरीनच्या पाण्याची नळ लावलेली बादली आली. आधी हात धुवायचे आणि मग बोलायचं, असा शिरस्ता पडला. शोधक ओळखीचा असल्यामुळे बोलणं आजारावरून सुरू होत नसे. तांदूळ आहे का, मुलं कशी आहेत, इथून सुरू होई.

संपर्क म्हणून ज्यांची नावं यादीत येत त्यांना एकवीस दिवस घरी राहायला सांगणं म्हणजे एकवीस दिवस कमाई बुडवणं. म्हणून त्यांना धान्य, पाणी, फोनचं रिचार्ज अशी मदत देण्यावर भर दिला गेला. ही लाच आहे, अशाने लोक खोटीच नावं देतील, असा आक्षेप घेतला जातो. काही खोटी नावं येणारच. पण एक खोटं नाव एकवीस दिवस पाहिल्याने फक्त थोडे श्रम वाया जातात, आणि एक खरं नाव लपलं तर नवी साखळी सुरू होते. या दोन चुकांचं वजन सारखं धरणारा कारकुनी विचार साथीच्या काळात बाजूला ठेवावा लागतो.

मृत्यूंच्या बाबतीत नियम एकच ठेवला गेला. कारण काहीही असो, प्रत्येक प्रेताच्या तोंडातला स्वॅब घ्यायचा. त्यामुळे 'हा साधा हिवताप होता' की 'हा इबोला होता' हा वाद दारात घालावा लागत नसे. मृत्यू हा या साथीतला सगळ्यात भरवशाचा माग होता, कारण आजारी माणूस लपवता येतो, पण दाट वस्तीत मेलेलं माणूस शेजाऱ्यांपासून फार काळ लपत नाही.

अर्थात एवढ्यावर भागलं नसतं. सप्टेंबरच्या उत्तरार्धात शहरात बुशरॉड बेटावर १२० खाटांचं नवं केंद्र सुरू झालं आणि त्यानंतर आणखी केंद्रं उघडली. प्रेतं नेणारी पथकं वाढली, प्रयोगशाळांचे निकाल लवकर मिळू लागले. फोन केल्यावर रुग्णवाहिका खरंच येते हे लोकांनी पाहिलं. गेलेल्यांपैकी काही जण बरे होऊन, प्रमाणपत्र घेऊन परत आले, हे तर डोळ्यांसमोर घडलं. मग बातमी सांगण्यात घरच्यांचा फायदा दिसू लागला. घरोघरचा शोध आणि खाटा यांपैकी कशाचा वाटा किती, हे वेगळं काढून दाखवता येत नाही आणि तसा दावा कुणी केला तर सावध राहावं. लोकांनी स्वतःहून बदललेल्या सवयी, विशेषतः आजाऱ्याला आणि प्रेताला हात न लावणं, हे तिसरं कारणही तितकंच मोठं होतं.

निकाल

लायबेरियातली साथ सप्टेंबर २०१४ मध्ये शिखरावर होती, ऑक्टोबरपासून उतरली. १३ नोव्हेंबरला आणीबाणी संपल्याचं जाहीर झालं. वेस्ट पॉइंटमध्ये उभी राहिलेली पद्धत संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने राजधानीच्या माँटसेराडो काऊंटीतल्या इतर वस्त्यांत नेली गेली. काऊंटीचे चार विभाग पाडून प्रत्येकाला स्वतंत्र पथक दिलं गेलं.

या पद्धतीची खरी परीक्षा जानेवारी-फेब्रुवारी २०१५ मध्ये झाली. सेंट पॉल पुलाच्या परिसरात २२ रुग्णांची एक साखळी उघडकीला आली. तिच्यात पोलिसांना टाळून राहणारे, टोळ्यांत वावरणारे तरुणही होते. यांच्या मागे पोलीस लावले असते तर ते शहरभर पांगले असते. त्यांच्यापर्यंत पोहोचू शकणारी वस्तीतलीच माणसं पुढे केली गेली, यादीतल्यांना मदत देऊन स्वेच्छेने वेगळं राहायला राजी केलं गेलं. ७४५ संपर्कांचा पाठपुरावा झाला आणि साखळी तिथेच संपली. सहाच महिन्यांपूर्वी याच शहरात १७ रुग्णांचा माग ठेवता आला नव्हता.

मार्चमध्ये एका स्त्रीला झालेली लागण मात्र या कुठल्याच यादीत बसणारी नव्हती. बऱ्या झालेल्या पुरुषाच्या वीर्यात विषाणू एकवीस दिवसांहून कितीतरी अधिक काळ टिकतो, हे त्यातून पुढे आलं आणि बरे झालेल्यांशी संपर्क ठेवण्याचं काम नव्याने उभारावं लागलं. ९ मे २०१५ रोजी देश इबोलामुक्त जाहीर झाला. त्यानंतरही अधूनमधून रुग्ण निघाले आणि शेवटची घोषणा जून २०१६ मध्ये झाली. एकूण १०,६०० हून अधिक रुग्ण आणि ४,८०० हून अधिक मृत्यू अशी देशाची नोंद आहे. वस्त्यांतले लपवलेले मृत्यू तिच्यात किती आले असतील, याबद्दल मला शंका आहे.

वेगळं काय करता आलं असतं

वेढा टाळता आला असता, हे तर खरंच. पण चुकीची सुरुवात त्याच्याही आधी, शाळेत केंद्र उघडताना झाली. केंद्र वस्तीत असणं ही कल्पना वाईट नव्हती, उलट घराजवळ असल्यामुळे लोकांनी ते आपलंसं केलं असतं. तिथे फक्त वस्तीतलेच रुग्ण ठेवायचे, जेवण वस्तीतल्या बायकांकडून घ्यायचं, नातेवाइकांना कुंपणाबाहेरून बघू-बोलू द्यायचं, एवढं जरी ठरलं असतं तरी १६ ऑगस्टला जमावाला अडवणारे लोक वस्तीतच मिळाले असते. युद्ध पाहिलेल्या समाजात कुंपणाच्या आत काय चाललं आहे हे दिसू देणं ही सोय नव्हे, गरज आहे. बऱ्याच उपचार केंद्रांनी पुढे कुंपणं उघडी, आरपार दिसतील अशी केली, ती याच कारणाने.

शोध आणि खाटा यांचा क्रमही उलटा लागला. नेऊन ठेवायला जागा नसताना घरोघर जाऊन आजारी शोधले, तर शोधणाऱ्याचा शब्द पहिल्या आठवड्यातच खोटा पडतो. खाटा कमी असतील तर ते स्पष्ट सांगून, निदान घरी काळजी कशी घ्यायची, हातमोजे, बादली, क्लोरीन कसं वापरायचं, हे देता आलं असतं. ते द्यायला उशीर झाला, कारण घरी उपचार म्हणजे हार मानणं, असं तज्ज्ञांपैकी अनेकांना वाटत होतं.

दहनाचा हुकूम मला सर्वांत महागात पडलेला निर्णय वाटतो. डिसेंबरच्या अखेरीस डिस्को हिल इथे सुरक्षित दफनाची जागा मिळाली. तिथे घरचे लोक काही अंतरावर उभे राहून प्रार्थना करू शकत होते आणि प्रत्येक कबरीवर नाव होतं. त्यानंतर दहन बंद झालं. ही जमीन ऑगस्टमध्ये मिळवणं अशक्य नव्हतं, त्यासाठी जमीनमालकांशी आणि आसपासच्या गावांशी बोलणी करावी लागत होती, पैसे मोजावे लागत होते. ते पाच महिने पुढे ढकललं गेलं आणि त्या पाच महिन्यांतले गुपचूप दफनविधी कुठल्याही तक्त्यात नाहीत.

साथीनंतर लायबेरियाने बरंच काही उभं केलं. २०१७ मध्ये राष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य संस्था सुरू झाली. त्याआधी २०१६ मध्ये पगारी सामुदायिक आरोग्य सहायकांचा कार्यक्रम आला. हे सहायक घरोघर जातात, मुलांचे आजार पाहतात, संशयास्पद आजार आणि मृत्यूंची वर्दी देतात. त्यांची नेमणूक मात्र आरोग्य केंद्रापासून पाच किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या गावांसाठी आहे. दुर्गम भागाचा विचार करता हा निकष रास्त आहे. पण त्याने वेस्ट पॉइंट बाहेर राहतं, कारण नकाशावर दवाखाना जवळ आहे. जी वस्ती घरोघरच्या रोगशोधाची पहिली शाळा ठरली, तिथे हे काम करणाऱ्याला कायमचा पगार द्यायची तरतूद या कार्यक्रमात नाही. शहरातल्या दाट वस्त्यांसाठी अंतराऐवजी लोकसंख्येवर आधारलेला निकष लावता येईल, अगदी हजार माणसांमागे एक पगारी शोधक एवढा साधा. त्याचा खर्च एका मोठ्या साथीच्या खर्चापुढे नगण्य आहे, आणि तो साथ नसतानाच सुरू करावा लागतो, कारण दारावरची ओळख व्हायला वेळ लागतो.